दहा हजार पावलं

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या एका कारकुनानं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं. कान मात्र शेजारच्या सासू-सुनेकडे होते.

"अगं, तो तर रोज दहा हजार पावलं चालायचा ना? कंपनीच्या घड्याळात दिसायची."

"घड्याळ मी घालायचे, आई. ह्यांना खुर्चीतून उठायला वेळ कुठला? पावलं कमी भरली की साहेब चारचौघांत बोलायचे."

"आणि कोशिंबिरीचा डबा?"

"तसाच परत यायचा. उभ्याउभ्या काहीतरी तळलेलं खायचे."

"डॉक्टरांना सांगायचंस की!"

"छातीत दुखतंय म्हणून गेलो, तर त्यांनी ह्यांनी तेवढ्यापुरतं घातलेलं घड्याळ बघितलं. एवढं चालणाऱ्याला काय होतंय म्हणाले, आणि पित्ताची गोळी दिली."

"तू गप्प बसलीस?"

"ह्यांनी डोळ्यांनीच दटावलं."

तेवढ्यात सुनेच्या मनगटावर काहीतरी वाजलं.

"काय गं ते?"

"आजची पावलं भरली. सकाळपासून इथंच येरझाऱ्या घालतेय ना."