टी-रेक्स की रॅप्टर

अमीनाबादच्या टॉकीजसमोरची रांग अशी काही हलेना, की पुढच्याला पारंब्या फुटल्या असाव्यात. माझ्यामागे एक मराठी आजी-आजोबा उभे होते.

“हा दुसरा भाग नीट बघा. रविवारी दिल्लीहून यशचा फोन आला की विचारेल, सगळ्यात ताकदवान डायनासोर कोण?”

“टी-रेक्स! गाडीसुद्धा उलटवतो.”

“तुम्ही रॅप्टर म्हणा.”

“मुद्दाम चुकीचं?”

“मागच्या वेळी बरोबर सांगितलंत. ‘हाँ आजोबा, सही’ म्हणाला आणि फोन ठेवला.”

“आणि तू काय सांगितलंस?”

“मी म्हटलं, तो पाला खाणारा लांब मानेचा. असा चिडला! किती वेळ समजावत बसला मला.”

“मग तिकीट कशाला काढायचं?”

“अहो, त्याला खरं वाटेल असं चुकायला नको?”