नळीचं भोक आणि कमलिनीबाईंची माळ

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभी आहे. देवाचं नाव घ्यायला बसलो आणि घरात कसला तरी आवाज झाला, तर तो आवाज कोण करतं? विघ्न करणारा, की ज्याचं नाव घेतोय तोच? लगेच उत्तर देऊ नका! आधी कमलिनीबाईंचं ऐका.

कराडातली बाई. दुसऱ्या मजल्यावर घर, माणसं दोनच. यजमान भार्गवराव तीस वर्षं दीपगृहावर नोकरीला होते. निवृत्त होऊन कराडात आले, पण समुद्र सुटेना! मग काय केलं? समुद्रच घरात आणला. बैठकीच्या खोलीत काचेची मोठी टाकी, खारं पाणी, खडक, आणि एका स्नेह्याच्या टाकीत वाढलेल्या प्रवाळाचा अंगठ्याएवढा तुकडा. नऊ वर्षांत तो तुकडा परातीएवढा झाला. सकाळी दिवा लागला की जांभळी बोटं उघडायची. भार्गवराव चहा तिथेच घ्यायचे. बायकोकडे इतका वेळ कधी बघितलं नाही हो! — हसताय? कमलिनीबाईही हसायच्या.

पण भार्गवरावांचा एक डोळा गेलेला, दुसरा चाललेला. पुण्याला शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टर म्हणाले, "थोडं दिसेल. किती दिवस, ते सांगता येत नाही." निघताना भार्गवरावांनी बायकोला टाकीपाशी नेलं.

"कमल, हे बघ. खाली कपाटात छोटी टाकी आहे. पंप तिथलं पाणी या नळीने वर चढवतो. वीज गेली की पंप थांबतो, आणि हीच नळी वरचं पाणी उलटं खाली ओढते. खालच्या टाकीत तेवढं मावत नाही."

"अगं बाई! मग?"

"म्हणून नळीला हे भोक पाडलंय. पाणी जरा उतरलं की भोकातून हवा शिरते, ओढ तुटते. फक्त हे बुजू द्यायचं नाही. रोज काडी फिरव. पट्टी निघाली की मला आधी हे प्रवाळ बघायचंय. मग तू!"

"बघा, बघा. माझा नंबर दुसराच!"

भाचा त्यांना घेऊन गेला. घरात कमलिनीबाई एकट्या. चैत्रातलं अनुष्ठान सुरू होतं — रोज शंभर माळा, मौन, आणि माळा पुऱ्या होईपर्यंत आसन सोडायचं नाही. कडक नेम! चुकीचा मुळीच नव्हे, मंडळी. नेमाला हसू नका.

पण त्या भोकातून पाण्याची बारीक धार उडायची. चिळ्ळ... चिळ्ळ... पहिल्या दिवशी सोसलं. दुसऱ्या दिवशी माळ दोनदा चुकली. तिसऱ्या दिवशी आसनावर बसण्याआधीच बाईंनी देवघरातल्या मेणबत्तीचं मेण बोटावर घेतलं, आणि भोकाला लावलं. आवाज बंद! काय ती शांतता! त्यांना वाटलं, देवानेच युक्ती सुचवली. आपल्या सोयीचं काही सुचलं की ते देवानेच सुचवलेलं असतं, नाही का?

चौथा दिवस. टळटळीत दुपार. साठ माळा झाल्या — आणि वीज गेली.

पंखा थांबला. पंप थांबला. आणि बैठकीच्या खोलीतून आवाज आला. आधी झुळझुळ. मग फरशीवर पाणी पडल्याचा. कमलिनीबाईंना कळलं हो! पहिल्या क्षणाला कळलं. मेण नखाने काढायचं, एवढंच काम. पावलं किती? दहा! उठल्या? नाही. मनात म्हणाल्या, ही माझी परीक्षा आहे. डोळे आणखी घट्ट मिटले.

आणखी दहा माळा झाल्या, तोच दारावर थापा! खालच्या मजल्यावरच्या थोरात मावशी.

"अवो वैनी! तुमचा समुद्र आमच्या छतातनं गळाय लागलाय! सांडगं घातलं हुतं मी, त्यात मीठ पडलं हुतं की आधीच! वैनी? बऱ्या हायसा न्हवं?"

आत मौन. मावशी घाबरल्या, पुन्हा पुन्हा हाका मारल्या. आत एक्काहत्तरावी माळ चालली होती.

शंभर पुऱ्या झाल्या तेव्हा तीन वाजून गेले होते. बैठकीत फरशीभर पाणी. वरच्या टाकीतलं पाणी नळीच्या तोंडापर्यंत उतरलेलं, आणि वरच्या खडकावरचं प्रवाळ कोरडं. उन्हाची तिरीप त्याच्यावर. बाईंनी तांब्या-तांब्याने पाणी घातलं, रडत रडत घातलं. दोन दिवसांत ते हाडासारखं पांढरं पडलं.

भार्गवराव आले. डोळ्यावर पट्टी. चपला काढता काढता विचारलं, "कमल, उमललंय का गं?"

कोण बघणार होतं? हो म्हटलं असतं तर पट्टी निघेपर्यंत निभलं असतं. पण बाईंनी त्यांचा हात धरला आणि सगळं सांगितलं. मेणासकट.

भार्गवरावांनी दुसरी चप्पल काढली. मग म्हणाले, "पाणी पडत होतं ते ऐकू येत होतं तुला?"

"हो."

"आणि मावशी?"

"त्याही."

"दीपगृहावर मीही पोथी वाचायचो, कमल. पण समुद्रातून कुणी हाक दिली, तर ओळ अर्धी ठेवून उठायचो. देव कधी रागावला नाही."

एवढंच बोलले. पट्टी निघाली तेव्हा त्यांनी टाकीकडे तोंड केलं नाही. चार महिने जेमतेम दिसलं, मग तेही गेलं. कमलिनीबाई अजून शंभर माळा करतात. पण आता त्यांना कळत नाही, त्या दुपारचा जप कुणाच्या खाती गेला. मलाही सांगता येत नाही, मंडळी.

तुम्ही सांगा. आपण कशाकशावर मेण लावलंय? आतल्या खोलीतला खोकला? पोथी उघडली की सुनेचं रडणं? तिसऱ्यांदा वाजणारा बहिणीचा फोन?

आता नामघोष करू या. हात जोडा, डोळे मिटा. मात्र बाहेर कुणाचं लेकरू रडत असेल, तर त्या माउलीने आधी उठावं. आम्ही थांबू. देवही थांबेल.