दहा मिनिटं पुढचं पेण

मला एक सांगा, तुमच्या घरातलं घड्याळ खरी वेळ दाखवतं का? माझे दोन दिवस अशाच एका घड्याळापायी गेलेत.

आमच्या संस्थेची शिकवणीची वेबसाइट रोह्याच्या मशीनवर आणि व्हिडिओ क्लासचा सर्व्हर पेणच्या ऑफिसात. धाटावच्या कारखान्यांतले चाळीस कामगार शिफ्ट सुटल्यावर, रोज पाच वाजता, सुपरवायझरच्या परीक्षेचा क्लास करणार होते. परीक्षा आठ दिवसांवर आलेली आणि क्लास उघडला की एकच उत्तर, ‘कनेक्शन नाकारलं’. मी पासवर्ड बदलले, केबल बदलली, नेटवाल्याशी भांडले. शेवटी सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही वाचली. रोह्याहून वेळेचा शिक्का मारून निघालेला प्रत्येक निरोप पेणचा सर्व्हर ‘शिळा’ म्हणून परत फेकत होता.

पेणचं ऑफिस म्हात्रेकाका सांभाळतात. त्यांची सगळी नोकरी धाटावच्या कंपनीत झालेली. त्यांना फोन लावला.

“काका, सर्व्हरवर किती वाजलेत?”

“चार वाजून दहा.”

“माझ्याकडे तर आत्ता चार वाजतायत!”

“मंग तुझं घड्याल मागं हाय गो. हितली सगली मी दहा मिन्टं पुढं लावून ठेवलीत. तीस वर्षांत कंपनीची बस एकदा चुकली नाय!”

“अहो, पण सर्व्हरला कुठली बस पकडायचीय?”

मी रोह्याहूनच सर्व्हरची वेळ सरळ केली. पाचच्या ठोक्याला चाळीसच्या चाळीस जण आत! मी खुर्चीतच नाचले. तेवढ्यात काकांचा फोन.

“क्लास लागला गो, पण दहा मिन्टं उशिरा. तेवढं बघ जरा.”