आये, ऐकू येतंय का?

जमलेल्या माझ्या माणसांनो,

इंदापूरहून आलात, बारामतीहून आलात, एमआयडीसीतली पाळी सोडून आलात. विहाराचं आवार पुरेना. एरवी एवढी गर्दी दिसली की माझा आवाज चढतो. आज तो चढत नाही.

आपली सुजाता गेली. मुंबईत आजारी पडली आणि परत आली ती अशी. तिनं गायलेलं मालिकेचं गाणं मात्र काल संध्याकाळीही टीव्हीवर लागलं. आवाज आहे आणि बाई नाही. हे कसं सोसायचं?

या वस्तीचा रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. जयंतीला आधी माझं भाषण, मग सुजाताचं गाणं. मी रंगात आलो की ती मागून सदरा ओढायची. "तात्या, आवरा की! सगळी पुस्तकं आजच वाचून दाखवताय व्हय? लोकं माझ्यासाठी बसल्यात." मी चिडायचो. आज मघापासून बोलतोय, कुणी सदरा ओढत नाही.

माईक हातात आला की "हॅलो, चेक" असं ती कधी म्हणाली नाही. ती विचारायची, "आये, ऐकू येतंय का?" तिची आई पारूबाई गर्दीच्या अगदी शेवटी बसलेली असायची. पाहुणे पुढं, घरचे मागं, ही आपली रीत. पारूबाई हात वर करायच्या. मागं आईला पोचलं, म्हणजे सगळ्यांना पोचलं.

मग ती टीव्हीच्या गाण्याच्या स्पर्धेत गेली. मित्रहो, तिथल्या लोकांना तिचा गळा पुरेना, डोळ्यांतलं पाणी हवं होतं! म्हणाले, तुमची गरिबी दाखवू, तुम्ही थोडं रडा. ही म्हणाली, "घर पक्कं हाय माझं. भाऊ डेअरीत कामाला हाय. रडू कशाला? गाऊ का?"

तेही त्यांनी चालवून घेतलं. मग म्हणाले, 'आये' नको, 'आई' म्हणा. ही म्हणाली, "आई म्हणलं तर ती हात वर करायची न्हाय."

तिचं गाणं लागणार होतं त्या संध्याकाळी आपण सगळे इथंच टीव्हीपुढं बसलो होतो. पडद्यावर झगमगाट, आणि त्यातून आपली पोरगी विचारते, "आये, ऐकू येतंय का?" मागून पारूबाईंनी हात वर केला. ओरडल्या, "येतंय गं! गा तू!" केवढे हसलो आपण! पारूबाई, तुमचा हात तिला दिसणार नव्हता. तरी ती क्षणभर थांबली आणि मगच गायली.

ती स्पर्धेतून बाहेर पडली तेव्हा काही शहाणे म्हणाले, संपली. मी विचारतो, पडद्यावरून उतरलेला माणूस संपतो का? पुढं तिला मालिकेचं गाणं मिळालं, मुंबईत राहायला गेली, तरी ती दर जयंतीला येत राहिली. तोच माईक, तोच प्रश्न, तोच हात.

सुजाता, तू नसलीस की लोक माझं भाषण निवांत ऐकतील, असं मी चेष्टेनं म्हणायचो. नको गं बाई. ये, सदरा ओढ. मला मध्येच थांबव.

आवरतो. माझ्यानंतर माईक तिचा असतो. आजही तो बंद करू नका, चालूच राहू द्या. आपण उभे राहू आणि गप्प राहू.

पारूबाई, तुम्ही मागंच बसा. तुमचा हात वर दिसतोय मला.

राहू द्या तसाच.