कपाळावरची नागीण

प्राची : हलू नका आबा. नाकाच्या शेंड्यावरही फोड आलाय. कालपासून आहे?

कुशाबा : काल निस्ते कपाळावर व्हते. पण तू नको बघू, नागीण मला कळती. बाहत्तरच्या दुष्काळापासून, पन्नास वर्षं, पेठ ते ओतूर सगळ्यांच्या नागिणी मीच गेरूनं उतरवल्यात.

प्राची : मग स्वतःची का नाही उतरवत?

कुशाबा : सोताची सोताला उतरत न्हाई. दुसऱ्या जाणत्यानं गेरू लावायचा आसतो. आन् दुसरा जाणता म्हंजे गेणभाऊ. त्याच्यापुढं मी कपाळ धरू?

प्राची : नका धरू. नारायणगावच्या दवाखान्यात चला. नाकावर फोड आला की पुढे डोळ्याला धोका असतो. गोळ्या तीन दिवसांच्या आत सुरू व्हायला हव्यात, आणि आज दुसरा दिवस संपला.

कुशाबा : तिथं कुणी बघितलं तर परत माझ्या दारात कोण यील? तू पुण्यात सहा वर्षं ह्याच्यावरच शिकतीस ना? सांग काय शिकलीस.

प्राची : लहानपणी तुम्हांला कांजिण्या आल्या होत्या. तोच विषाणू. इतकी वर्षं नसेत निजून होता, आता उठला. त्याच्या अंगावर साखर चिकटलेल्या प्रथिनांचे आकडे असतात, ग्लायकोप्रोटीन म्हणतात. काही आकडे आपल्या पेशीला धरतात, काही त्याचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळून टाकतात. की हा आत. मग शेजारची पेशी.

कुशाबा : साखर लावून आत शिरायचं. आमचा सोसायटीचा चेअरमन असाच शिरला. मग तुझी गोळी ह्ये आकडे मोडती?

प्राची : नाही. तो आत गेल्यावर स्वतःच्या नकला काढतो, गोळी त्या थांबवते. आकड्यांवरचं औषध अजून निघायचंय.

कुशाबा : म्हंजे सहा वर्षं तू आकडे बघत बसलीस, आन् गोळी दुसऱ्याच कुणाची.

प्राची : हो.

कुशाबा : मग माझ्या गेरूनं काय घोडं मारलंय?

प्राची : काही नाही. अंगावरची नागीण बहुतेक वेळा आपोआप जाते, गेरू लावा, नाहीतर लावू नका. डोळ्यातली जाताना डोळाही नेऊ शकते. आजी म्हणाली, म्हातारा माझं ऐकायचा नाही, तू सांग. म्हणून सुट्टी टाकून आले.

कुशाबा : पहिल्या एस्टीनं जाऊ. मफलर काढून ठेव माझा.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. नारायणगावच्या दवाखान्याबाहेरचं बाकडं.)

लंकाबाई : मफलर सोडा कुशाबाभाऊ, वळखलं मी.

कुशाबा : लंकाबाई? तुझी नागीण तर मी गेल्या साली उतरवली. आता काय काढलंस?

लंकाबाई : मोतीबिंदू. नागिणीच्या गोळ्यांना आले व्हते, तवापासून दवाखाना ठाव हाय. तुमचा गेरू वाळायच्या आत आले व्हते.

कुशाबा : मग मला नारळ आन् टॉवेल-टोपी कशापाई दिलीस?

लंकाबाई : गुण आला व्हता की.

कुशाबा : गोळीचा.

लंकाबाई : आसंल. पण तुमी तासभर बसून इचारपूस केली. डॉक्टर कागदावरनं मान वर करीत न्हाई.

कुशाबा : आता ह्ये गावभर सांगशील. मग कोण येतंय माझ्याकडं?

लंकाबाई : डोळा लई लाल दिसतोय तुमचा. माझा नंबर घ्या, आधी आत जावा. आन् परवा घरी थांबा, माझी थोरली जाऊ यायचीय. गोळ्या कालच चालू केल्यात तिला, गेरू तेवढा राह्यलाय.