रिव्हर्सचा हॉर्न

मामा : आधी चाकाखाली ठोकळे, मग ट्रकची चावी माझ्या खिळ्यावर. त्याशिवाय मी ट्रकमध्ये फोर्कलिफ्ट घालतच नाही, मॅडम. एकदा एक ड्रायव्हर चहा पिऊन आला नि गाडी काढून चालता झाला. मी अर्धा आत, अर्धा डॉकवर! तेव्हापासून चावी माझ्याकडे. शिव्या घालतात, घालू देत.

तपासनीस : किती वर्षं चालवताय?

मामा : सव्वीस. कुणाच्या केसालाही धक्का लागलेला नाही. विचारा आमच्या चेकरताईला.

चेकरताई : खरंय, मॅडम. मामांसारखा हात कुणाचा नाही.

तपासनीस : बरं मामा, त्या कोपऱ्यापर्यंत एकदा रिव्हर्समध्ये जाऊन दाखवा.

मामा : हे काय, निघालोच!

तपासनीस : ताई, हॉर्न वाजत नाहीये.

चेकरताई : वाजतोय की. बारीक वाजतो तो.

तपासनीस : ताई.

चेकरताई : ... नाही वाजत.

तपासनीस : रजिस्टरमध्ये मात्र रोज ‘चालू’ लिहिलंय. खाली मामांची सही. आणि मघाशी मी त्यांच्या पाठीमागून दोनदा हाक मारली, तर त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

चेकरताई : इंजिनाचा आवाज असतो ना.

तपासनीस : गाडी बंद होती तेव्हा.

चेकरताई : मॅडम, हळू बोला ना.

तपासनीस : का? त्यांना ऐकू येईल?

चेकरताई : वर्षभरात फारच कमी झालंय. सकाळी ते रिव्हर्स टाकतात, माझ्याकडे बघतात. मी मान हलवली की रजिस्टरमध्ये लिहितात.

तपासनीस : हॉर्न कधीपासून बंद आहे?

चेकरताई : दोन महिने झाले. कळवलं असतं तर मेकॅनिकनं त्यांनाच विचारलं असतं, की मामा, तुम्हाला कळलं कसं नाही? मग सगळं बाहेर आलं असतं. चौदा महिने राहिलेत हो त्यांच्या निवृत्तीला. आम्ही सगळे सांभाळून चालतो.

तपासनीस : मघाशी मी आत आले, तेव्हा ती गाडी मागे येत माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. तीसुद्धा तुम्ही त्यांना हात दाखवलात म्हणून. मला कुठे माहीत होतं सांभाळून चालायचं ते?

मामा : आलो बरं का! काय दोघींचं खलबत चाललंय? जरा माझ्याकडे तोंड करून बोला.

तपासनीस : मामा, तुमच्या गाडीचा रिव्हर्सचा हॉर्न बंद आहे.

मामा : छे! आज सकाळीच तर बघितला. ताई होती की समोर. ताई?

चेकरताई : मामा...

मामा : कधीपासून?

चेकरताई : दोन महिने.

मामा : आणि तू रोज मान हलवत होतीस.

चेकरताई : तुमची गाडी काढून घेतील म्हणून.

मामा : अगं, परवा माझ्या मागेच वाकून खोक्यांना लेबलं लावत होतीस तू!

चेकरताई : मला माहीत होतं ना, तुम्ही येताय ते.

मामा : मला माहीत नव्हतं तू आहेस ते.

तपासनीस : गाडी आजपासून उभी राहील, मामा. तुमचे कानही तपासून घ्यावे लागतील. यंत्र लावून बरंच ऐकू येतं. पुढचं आत्ताच काही सांगत नाही, पण तुमची सव्वीस वर्षंही मी अहवालात लिहीन.

मामा : लिहा. घरी बायको ओरडते, ऐकू येत नाही का म्हणून. मी हसण्यावारी न्यायचो. इथे कुणी ओरडतच नव्हतं, म्हणून वाटलं, सगळं ठीक आहे. आण ते रजिस्टर, आजचं खोडतो.

तपासनीस : खोडू नका. खाली नवीन लिहा.

मामा : ‘हॉर्न बंद.’ ही सही. आणि ही गाडीची चावी. घे, टांग त्या खिळ्यावर.

चेकरताई : माझ्या हातात नका देऊ, मामा.

मामा : घे म्हणतो ना.

चेकरताई : रागावलात?

मामा : काय? इकडे बघून बोल.

चेकरताई : रागावलात का माझ्यावर?

मामा : हो. चल आता, जेवायला हात धुऊन घेऊ. आणि तू पुढे चाल. मला दिसशील अशी.