महेंद्रचं रुंद टायर अन् मायचं पांढरं लुगडं

...अन् वरून मलेच म्हणते, ताई, तुले गाडीतलं काही समजत नाही! नाही समजत बाप्पा, हौ, नाहीच समजत मले. पण मायची पाठ कोणती अन् रस्ता कोणता, इतकं तं समजते ना? तुम्हीच सांगा. चांगली मोटरसायकल, कंपनीनं शिकल्या-सवरल्या लोकाईले पगार देऊन बनवलेली, तिले लागते तितकं टायर त्याईनं लावून देलं, अन् हा आमचा महेंद्र, माझा सख्खा लहान भाऊ, बालाघाटच्या कोर्टातला बाबू, फायलीले दोरी बांधता बांधता याच्या डोक्यात आलं का मागचं टायर बारीक हाय! कोणाले बारीक हाय? तं म्हणे, "ताई, मागून पाह्य." मागून पाह्यलं. टायर होतं. गोल होतं. आनखी काय करावं टायरनं?

गाडी म्हणे टुरिंगची. टुरिंग म्हंजे काय, तं लांब लांब जायची, लद्दाखले, पहाडाईवर. याचं सगळ्यात लांबचं टुरिंग कोठवर, तं खैरलांजी, मामाच्या घरी! तिथूनबी दुपारी जेवून दिवस बुडायच्या आत वापस, काहून का रस्त्यावरच्या कुत्र्याईचं भेव लागते. अन् अशा माणसाले रुंद टायर पायजे. नागपूरवरून मागवलं, बसच्या टपावर बसून आलं ते, याच्यापेक्षा जास्त टुरिंग त्या टायरनंच केलं.

आता टायर तं आलं, पण बसते कोठी? मागचं मडगार्ड घासाले लागलं. शहाणा माणूस काय करन, टायर वापस करन का नाही? पण याचा तो मोहित मिस्त्री, तोबी याच्याच तोलाचा. डोकं खाजवलं अन् म्हणे, "भैया, टायर क्यों निकालना, मडगार्डही निकाल देते हैं." निघालं मडगार्ड! अन् हा खुश. शेजारच्या दुलीचंद काकाले, गुडघे धरून चालते बिचारा, त्याले उन्हात उभं केलं अन् म्हणे, काका, मागून पाह्य. काकानं पाह्यलं, मान हालवली, अन् विचारलं का मडगार्ड चोरीले गेलं का बाबू? गाडी वळणावर वळता वळेना, पेट्रोल पिऊन राह्यली, पिकअप गेला, पण याचं आपलं एकच, मागून पाह्य!

इथवर हासलो असतो हो आम्ही. पण तुम्हाले सांगते, याचं लगन जमता जमता दोनदा मोडलं होतं. पोरगा चांगला हाय, पण डोक्यानं जरा 'तसा' हाय, असं लोकं म्हणत, अन् खोटं नव्हते म्हणत. मग किरनापूरची दीप्ती भेटली, शाळेत मास्तरीण, हुशार पोरगी. साक्षगंध ठरलं, म्हंजे साखरपुडा. अन् आमची माय, रुख्माबाई, तिनं पेटीतलं पांढरं लुगडं काढलं. आमच्या बौद्ध लोकाईत मंगल काम म्हंजे पांढरं, अन् हे लुगडं बाबा गेले त्याच्या आधी त्याईनं आणलेलं, पोराच्या साक्षगंधाले नेसजो म्हणून. घडीसुद्धा मोडली नव्हती. वरून दीप्तीच्या बापानं सांगून धाडलं का बुद्धवंदना रुख्माबाईनंच घ्यावी. मायचा गळाच तसा हाय. आठ दिवस ती घरात गुणगुणत फिरे.

बाकी आम्ही सारे भाड्याच्या जीपमंधी. अन् महेंद्र म्हणते, माय माझ्या गाडीवर बसन! काहून? तं पोरीकडच्याईले गाडी दिसली पायजे. अन् माय बसली ना बाप्पा, लेकाचा शब्द कसा मोडन!

आता किरनापूरचा रस्ता. उन्हाळी धानाची चिखलणी चालू, ट्रॅक्टर वावरातून निघते अन् सारा चिखल डांबरावर सांडत जाते. महेंद्र पुढं, आमची जीप मांगं. अन् मी पाह्यते काय, ते रुंद टायर चिखल उचलून राह्यलं अन् सरळ मायच्या पाठीवर! कमरीपासून वर, वर, अंबाड्यापर्यंत, काळा पट्टा! मडगार्ड असतं तं अडलं असतं, पण ते तर मोहितच्या दुकानात खिळ्याले टांगलं होतं. मी बोंबलली, ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला, माझ्या नवऱ्यानं खिडकीतून दुपट्टा हालवला. अन् हा? यानं आरशात पाह्यलं, हासला, अंगठा वर केला, अन् गाडी आनखी जोरात पळवली! त्याले वाटलं आम्ही टायरची तारीफ करून राह्यलो!

मांडवासमोर पोहोचला. सरळ थांबला असता तं उतरताना मायचं तोंड मांडवाकडं राह्यलं असतं. पण नाही, यानं गाडी फिरवली, ढुंगण मांडवाकडं केलं अन् मग उभी केली. काहून, तं सोयऱ्याईनं मागून पाह्यलं पायजे! पाह्यलं मंग सोयऱ्याईनं. आधी टायर पाह्यलं, मंग माय उतरली, ते पाह्यलं.

आमची जीप पोहोचेपर्यंत लोकं उभे झाले होते. वंदनेत कसं असते, सारे जण बुद्ध-बाबासाहेबाच्या फोटोकडं तोंड करून उभे राहतात, अन् वंदना घेणारी सगळ्याईच्या समोर. म्हंजे सारं किरनापूर माझ्या मायले मागूनच पाहून राह्यलं! मी शाल घेऊन धावली, पण मधात इतकी माणसं हात जोडून उभी, घुसू कोठून? मायले समजलं होतं. पाठ ओली लागली असन, कोणी तरी खुसकन हासलंबी. तिनं वळून नाही पाह्यलं, पण तिचा आवाज कापला. त्या आवाजावर मले इतकं रडू आलं, अन् महेंद्रचा इतका राग आला का इचारू नका.

तेवढ्यात दीप्ती हालली. नवरीची जागा सोडली, चालत गेली अन् मायच्या मांगं अगदी चिकटून उभी राह्यली. नव्या कोऱ्या पांढऱ्या लुगड्यात. पट्टा झाकला. मायचा गळा सुटला अन् मंग अशी वंदना झाली का मांडवात कोणी खोकलं नाही.

वंदना झाल्यावर दीप्तीनं महेंद्रले इचारलं, साऱ्याईच्या समोर, पण हळूच. "मायच्या पाठीवर हे काय झालं?"

अन् आमचं रत्न काय म्हणते? "टायर रुंद हाय ना, म्हणून पट्टा रुंद आला."

वाटलं, गेलं, हेबी गेलं. पण पोरगी शांत. म्हणे, "लग्नाले मडगार्ड लावून या. नाही तं येऊ नका."

लावलं हो! पण टायर नाही बदललं, तुम्हाले काय वाटलं? मोहितकडून लोखंडी पत्र्याचं नवं बनवलं, टायरपेक्षाबी रुंद, इकडून तिकडून झाकलेलं, खाली पार जमिनीपर्यंत. माय आता आरामात बसते. पण मागून पाह्यलं तं टायरच नाही दिसत!

मी म्हटलं, महेंद्र, इतका तमाशा केला, आता दिसते कोठून तुझं टायर? तं म्हणे, "ताई, खाली वाकून पाह्य."

अन् तुम्हाले सांगते, वाकली मी... काय करता, भाऊ हाय.